कला-वाणिज्याच्या मुलांनी जीवशास्त्र का शिकावं? बोंडअळी, केळी आणि एका वेलांटीची गोष्ट

एफवायबीए आणि एफवायबीकॉमचा एकत्र वर्ग होता. नव्या शैक्षणिक धोरणामुळे कला-वाणिज्याच्या मुलांनाही दुसऱ्या शाखेतला एखादा विषय घेता येतो, म्हणून शिरपूर-शहादा पट्ट्यातल्या आमच्या कॉलेजात 'मूलभूत जीवशास्त्र' सुरू झालं आणि ते शिकवायला मी उभी राहिले. फळ्यावर विषयाचं नाव लिहून होतंय तोवर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, आमले हाई शिकीसन काय करनं शे?" (आम्हाला हे शिकून काय करायचंय?)

प्रश्न मनापासूनचा होता. मी त्या मुलाला विचारलं, "यंदा तुमच्याकडे कपाशीच्या थैल्या कोणी आणल्या?"

"मीच आणल्या."

"वाण कोणी ठरवलं?"

"कृषी केंद्रवाल्यानं."

"आणि फवारणी कधी करायची, कशाची करायची?"

"तेबी त्यानंच."

उरलेला तास आम्ही कपाशीवरच बोललो. या लेखाचा बराचसा भाग त्या तासातूनच आला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्याकडे सायन्सची हुशार मुलं बारावीनंतर पुणे, नाशिक, मुंबई गाठतात. गावात आणि तालुक्यात राहून रोजचे निर्णय घेतात ती बहुतेक कला-वाणिज्याची मुलं. तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक शिक्षक, पतसंस्थेचा कर्जविभाग सांभाळणारा, कोर्टातला वकील, स्थानिक वार्ताहर, सरपंच हे सगळे याच वर्गांतून येतात, आणि घरात कोणाला कधी दवाखान्यात न्यायचं हे ठरवणारी सूनही इथूनच येते. पिकांचे, आजारांचे, पाण्याचे, पोरांच्या लग्नांचे निर्णय यांच्या हातात आहेत. अकरावीला विज्ञान सोडलं की जीवशास्त्राशी त्यांचा संबंध कायमचा तुटतो. डॉक्टर होणाऱ्याला जीवशास्त्र पुढे आयुष्यभर भेटत राहणारच आहे. ज्याला ते पुन्हा कधी भेटणार नाही, त्याला ते एकदा तरी नीट समजून मिळायला हवं.

नीट म्हणजे काय, तेही सांगते. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असतो. सगळी मुलं तो शिकून आलेली असतात, व्याख्याही पाठ असते. पण घरची कपाशी, गावातलं मेडिकल, नात्यातल्या मुलीचं आजारपण यांच्याशी त्या धड्याचा काही संबंध आहे, हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. मी सहा महिन्यांत मुख्यतः एकच कल्पना शिकवते. ती अशी: एकाच जातीचे जीव एकमेकांपेक्षा थोडे थोडे वेगळे असतात. त्यातले काही फरक आईबापांकडून पिल्लांकडे जातात. परिस्थिती बदलली की ज्यांना तो फरक उपयोगी पडतो ते जास्त संख्येनं टिकतात, आणि पुढच्या पिढीत त्यांचंच प्रमाण वाढतं. इतकंच. खानदेशातला शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. ज्वारीचं टपोरं, भरलेलं कणीस बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवायचं, म्हणजे हेच.

आता कपाशीकडे वळू.

मातीत एक जीवाणू असतो, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याच्या नावावरूनच 'बीटी' हा शब्द आला. हा जीवाणू एक प्रथिन तयार करतो. ते बोंडअळीच्या पोटात गेलं की तिच्या आतड्याच्या आतल्या पेशींना चिकटतं, तिथं भोकं पडतात आणि अळी मरते. माणसाच्या आतड्याच्या पेशींवर त्याला चिकटायला जागाच नसते, म्हणून आपल्यावर तसा परिणाम होत नाही. हे प्रथिन कसं बनवायचं याची सूचना ज्या जनुकात असते, ते जनुक शास्त्रज्ञांनी कपाशीत घातलं. म्हणजे फवारणी न करता झाडच स्वतःचं औषध तयार करू लागलं. भारतात २००२ साली अशा कपाशीला परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचं, जास्त ताकदीचं वाण आलं. सुरुवातीची काही वर्षं चांगली गेली. आमच्या भागात आजही लोक त्या वर्षांची आठवण काढतात.

मग गुलाबी बोंडअळी परतली. पहिल्या, एका जनुकाच्या बीटीला ती दाद देत नसल्याचं २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झालं. पुढे दोन जनुकांचं वाणही तिला रोखेना, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात हाहाकार झाला. बोंड बाहेरून धडधाकट दिसायचं, आणि फोडलं की आत किडकी सरकी, पिवळा पडलेला कापूस, त्यात वळवळणारी गुलाबी अळी. अळीनं धरलेलं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. त्याला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. त्या वर्षी डोमकळ्या तोडून तोडून हात थकले, असं माझे विद्यार्थी सांगतात.

असं का झालं? वर्गात विचारलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "बियाणं डुप्लिकेट होतं." बोगस बियाणं विकलं जातं, हे खरं आहे, पण अस्सल बियाण्याच्या शेतातही अळी आली होती. दुसरं उत्तर, "अळीले सवय पडी गई." हे उत्तर खरं वाटतं म्हणूनच त्यापाशी थोडं थांबावं लागतं. मिरची खाऊन खाऊन माणसाला तिखटाची सवय होते, तशी अळीला बीटीची होत नाही. बीटीला बळी पडणारी अळी बीटी खाल्लं की मरते, तिला सवय व्हायला वेळच मिळत नाही. घडतं ते वेगळंच. लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच अशी असते की तिच्या आतड्यात त्या प्रथिनाला चिकटायची जागा जरा निराळी असते. बीटी नसतं तर ती गर्दीत हरवून गेली असती. बीटीच्या शेतात मात्र बाकीच्या सगळ्या मेल्या आणि हिला सगळं शेत मोकळं मिळालं. तिचा पतंग झाला, त्यानं शंभराहून जास्त अंडी घातली, आणि महिन्याभरात पुढची पिढी तयार. एका हंगामात अशा चार-पाच पिढ्या होतात. बियाण्यासाठी टपोरं कणीस निवडावं, तशी आपण नकळत सगळ्यात चिवट अळी निवडून वाढवत गेलो.

हे घडणार हे जाणकारांना आधीच माहीत होतं. त्यासाठीच ४५० ग्रॅमच्या बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं साध्या, बिगर-बीटी कपाशीचं छोटं पाकीट मिळायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं होतं. लावलं किती जणांनी? वर्गात हात वर करायला सांगितले तेव्हा एकही हात वर गेला नाही. बहुतेक घरांत ते पाकीट बांधावर फेकलं गेलं होतं. अळीला खायला मुद्दाम झाडं लावायची हा कुठला शहाणपणा, असं कोणालाही वाटेल.

पण त्यामागचा हिशेब मोठा सुंदर आहे. साध्या कपाशीवर बीटीला बळी पडणाऱ्या अळ्या जगतात आणि त्यांचे पतंग होतात. मुख्य शेतातून बचावलेला एखादा चिवट पतंग जोडीदार शोधू लागला, तर त्याला याच साध्या पतंगांतला कोणीतरी भेटण्याची शक्यता जास्त. त्यांच्या पिल्लांना चिवटपणाचं जनुक एकाच बाजूनं मिळतं, आणि तेवढं बहुधा पुरत नाही. ती पिल्लं बीटी खाऊन मरतात. म्हणजे बांधावरची ती झाडं अळीला पोसायला नव्हती, चिवट अळीला चिवट जोडीदार मिळू नये म्हणून होती. (पुढे कंपन्यांनी दोन्ही बियाणं एकाच थैलीत मिसळून द्यायला सुरुवात केली, त्यामागे हेच कारण.)

इथं आमच्या बीकॉमच्या एका मुलीनं जे विचारलं, ते सायन्सच्या वर्गात मला कोणी विचारलेलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, पण खर्च माझा आणि फायदा सगळ्या शिवाराचा. मग मी एकटीनं का लावू?" हा अर्थशास्त्रातला जुना, अवघड प्रश्न आहे. गायरान सगळ्यांचं असतं म्हणून प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडतो, आणि शेवटी गायरान उजाड होतं. बीटीची ताकदसुद्धा सगळ्या गावाचं सामायिक गायरान होती. ती टिकवायची तर गावानं एकत्र ठरवायला हवं होतं. ते काम कीटकशास्त्रज्ञ करू शकत नाही. ते ग्रामपंचायतीचं, सोसायटीचं, स्थानिक वर्तमानपत्राचं, म्हणजे याच वर्गातल्या मुलांचं काम आहे. फक्त त्यासाठी अळीच्या पोटात काय होतं हे त्यांना कळलेलं हवं.

फरदडीचंही तसंच. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी उभी ठेवली की दोन वेचण्या जास्त मिळतात, हातात पैसा येतो. पण गुलाबी बोंडअळी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. शेत मोकळं झालं की तिची उपासमार व्हायला लागते. फरदड ठेवली, किंवा ठिबकवर मे महिन्यातच पूर्वहंगामी लागवड केली, की तिच्या उपासाचे महिने कमी होतात. कृषी खातं लागवड लवकर करू नका म्हणतं तेव्हा लोकांना तो सरकारी जाच वाटतो. अळीचं जीवनचक्र फळ्यावर काढून दाखवलं की तोच नियम मुलांना आपोआप पटतो. नियम पाळायला लावणं आणि नियम समजणं यांत फार अंतर आहे.

हीच गोष्ट आपल्या अंगातही घडते. सर्दी झाली की मेडिकलवर जाऊन "दोन गोळ्या द्या, जरा पावरफुल" म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यात पुष्कळदा अँटिबायोटिक असतं. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक जीवाणूंवर चालतं, कारण ते जीवाणूची भिंत मोडतं किंवा त्याच्या आतली यंत्रणा बंद पाडतं. विषाणूला ना ती भिंत असते ना ती यंत्रणा. म्हणजे सर्दीवर गोळीचा उपयोग शून्य, पण आपल्या पोटात आणि घशात जे कोट्यवधी जीवाणू राहतात त्यांच्यात निवड सुरू होते. नाजूक मरतात, चिवट उरतात, आणि खरोखर गरज पडेल त्या दिवशी ती गोळी लागू पडत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या भाषणातच हा धोका सांगून ठेवला होता. भारतात २०१६ पासून अशा औषधांच्या पाकिटावरच्या लाल उभ्या रेघेबद्दल जागृतीची मोहीम सुरू झाली. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा त्या रेघेचा अर्थ. मी वर्गात रिकामी पाकिटं आणून ती रेघ दाखवते. घरी जाऊन आजीच्या डब्यातल्या गोळ्या तपासणारी मुलं दुसऱ्या दिवशी हमखास भेटतात.

आता त्या वेलांटीची गोष्ट. ही मला सगळ्यात जवळची आहे.

मराठीत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, लाचार. फरक एका वेलांटीचा, ऱ्हस्वाचा दीर्घ झाला एवढाच. आपल्या पेशीतल्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर असतो, आणि ती अक्षरं फक्त चार प्रकारची असतात. त्यातल्या एका ठिकाणी जीएजी या तीन अक्षरांऐवजी जीटीजी झालं, मधलं एकच अक्षर बदललं, की रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवरचा मणी बदलतो. असं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून दिल्यावर एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार करतं. मग गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. त्यामुळे रक्त कमी पडतं. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य वेदना उठतात. हाच सिकलसेल आजार.

नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत हा आजार आढळतो. माझ्या वर्गातली कित्येक मुलं त्याच पाड्यांवरून येतात. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी झाली की कार्ड मिळतं. पण कार्डावर काय लिहिलंय हे वाचणाऱ्याला कळायला हवं, आणि तिथंच सगळं अडतं.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही बदललेल्या असल्या तर माणूस आजारी पडतो. एकच बदललेली असली तर तो 'वाहक', आणि वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. त्याला बरेचदा ठाऊकही नसतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. इथं फार मोठी चूक होते. "पहिलं पोर आजारी निघालं, म्हणजे आता पुढची तीन चांगली होतील," असा हिशेब मी स्वतः लोकांच्या तोंडून ऐकला आहे. पण नाणं एकदा छापा पडलं म्हणून पुढच्या वेळी काटाच पडेल असं नसतं. प्रत्येक बाळंतपणात नाणं नव्यानं उडतं. बीकॉमची मुलं संभाव्यता शिकलेली असतात, त्यांना हे दोन मिनिटांत कळतं. आणि मग हीच मुलं लग्नाच्या बैठकीत पत्रिकेसोबत कार्ड पाहा, असं सांगू लागतात. दोन वाहकांनी लग्नच करू नये असं मी कधीच सांगत नाही. त्यांना माहीत असावं, त्यांनी डॉक्टरांशी बोलावं, गरोदरपणात तपासणी होऊ शकते हे त्यांना ठाऊक असावं. निर्णय त्यांचा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इतिहासात बीए करून आता डोंगरातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. तिच्या वर्गात एक मुलगा कवायतीच्या वेळी सारखा बसायचा, पाय दुखतात म्हणायचा, थंडीत तर उठायचाच नाही. कामचुकार म्हणून त्याला शिक्षा व्हायची. तिनं त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला, तो कुठल्या पाड्यावरचा ते विचारलं आणि तपासणीला पाठवलं. आजार निघाला. आता त्याच्याजवळ पाण्याची बाटली असते, उन्हात त्याला उभं करत नाहीत, थंडीत स्वेटर घालायला लावतात, ताप आला की त्याच दिवशी दवाखान्यात नेतात. शरीरात पाणी कमी होणं, गारठा आणि जंतुसंसर्ग यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो, हे तिला माझ्याकडून शिकलेल्या थोड्याशा जीवशास्त्रातून माहीत होतं. तिनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मला बोलता येईना.

या आजारामागे इतिहासही आहे. इतका त्रास देणारं जनुक शेकडो पिढ्यांत नाहीसं का झालं नाही? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञानं पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून याचं उत्तर पुढे ठेवलं. एकच प्रत असलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. जिथं मलेरियानं लहान मुलं मरायची, तिथं वाहक मुलं जास्त जगली आणि त्यांच्यासोबत ते जनुकही टिकलं. पुन्हा तीच निवड, बोंडअळीचीच. सातपुड्यातल्या माणसांच्या रक्तात जंगलाचा आणि तापाचा हा जुना हिशेब लिहिलेला आहे. हा आजार कुठल्याही समाजाचा दोष नाही, कोणाच्या पापाचं फळ तर नाहीच. हे मुलांना समजतं तेव्हा वर्गातल्या पावरा मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होतं. ते मी पाहिलं आहे.

अशीच आणखी एक गोष्ट एका वाक्यात सांगता येते, आणि ती प्रत्येक घरात सांगायला हवी. मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं, आईकडून दोन्ही वेळा एक्सच येतं. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा १९९४ पासून आहे, तरी तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी माणसं आजही आपल्या गल्लीत आहेत. बीएच्या मुलींनी हे वाक्य पाठ करून घरी नेलं तरी माझं सत्र वसूल झालं, असं मी मानते.

आता केळी. रावेर, यावल, सावदा, फैजपूर हा सगळा पट्टा केळीवर उभा आहे. वाणिज्याच्या मुलांना मी एकच प्रश्न विचारते: तुमच्या पतसंस्थेनं सगळं कर्ज एकाच धंद्यातल्या, एकाच गल्लीतल्या, एकाच सवयीच्या माणसांना दिलं तर? "बुडेल," सगळे एकदम म्हणतात. मग केळीच्या बागेकडे पाहा. आपण खातो त्या केळीत बी नसतं, कारण तिच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात आणि त्यांची बिया धरण्यासाठी नीट वाटणी होत नाही. म्हणून लागवड कंदानं किंवा टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपानं होते. म्हणजे ग्रँड नैन या वाणाची बाग ही एकाच झाडाची हजारो वेळा काढलेली प्रत असते. सगळे घड एका वेळी येतात, एका मापाचे येतात, व्यापारी खूश. पण फरकच नसल्यामुळे निवडायलाही काही उरत नाही. एखादा रोग एका झाडाला मारू शकला तर तो सगळ्यांनाच मारू शकतो.

हे आधी घडून गेलं आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची केळी होती. मातीतल्या एका बुरशीनं, पनामा मर रोगानं, ती १९६० च्या सुमारास व्यापारातून जवळजवळ पुसून टाकली. तिच्या जागी कॅव्हेंडिश गट आला, कारण त्या बुरशीला तो दाद देत नव्हता. आपली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन सगळ्या याच गटातल्या. आणि आता त्याच बुरशीचा नवा प्रकार, ट्रॉपिकल रेस ४, कॅव्हेंडिशलाही मारतो आहे. तो भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला आहे. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. बाहेरून आणलेल्या कंदासोबत, औजाराच्या फाळाला लागलेल्या चिखलासोबत येऊ शकते. ट्रकवाला, कंदांचा दलाल, बागेत येणारा व्यापारी यांनी चाकं आणि बूट धुणं हा किती मोठा विमा आहे, हे वाणिज्याच्या मुलांनी समजून घ्यायला नको का?

इथवर जीवशास्त्र कला-वाणिज्याला काय देतं ते सांगितलं. उलटही खरं आहे, आणि त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आमच्या शेजारीच घडलं.

रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. दिवसासुद्धा उघड्या फांदीवर बसतं. १८८४ नंतर ते खात्रीनं कोणाला दिसलं नव्हतं, जगभरच्या संग्रहालयांत मोजके नमुने होते, आणि बहुतेकांनी ते नामशेष मानलं होतं. जुन्या नमुन्यांपैकी काही खानदेशात काम करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं गोळा केलेले होते. आणखी एका नमुन्यावर चिठ्ठी होती: १९१४, मांडवी, गुजरात, गोळा करणारा रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. पामेला रासमुसेन या पक्षितज्ज्ञ बाईंना या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नोंदींबद्दल शंका होती. त्यांनी तो नमुना बारकाईनं तपासला. पेंढा भरलेलं कातडं उसवून पुन्हा भरल्याच्या खुणा होत्या, आणि मुळातली पद्धत डेव्हिडसनच्या हातची निघाली. पक्षी चोरलेला होता, चिठ्ठी खोटी होती. म्हणजे १९१४ सालही खोटं आणि मांडवीही खोटी. खोटा पुरावा बाजूला काढला की खऱ्या जुन्या नोंदी उरल्या. त्यांचा माग काढत त्या आणि त्यांचे दोन सहकारी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये एका सकाळी समोरच्या झाडावर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी.

इतिहासाच्या मुलांना मी विचारते, या शोधात सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं? ती म्हणतात, "साधनांची चिकित्सा." अगदी बरोबर. हा कागद कोणी लिहिला, कधी लिहिला, तो खोटं का बोलेल, हे विचारायला इतिहासच शिकवतो. पुढे यावल आणि तोरणमाळच्या जंगलांतही हा पक्षी दिसला. आमच्याच शिवारातला, आमच्याच सागाच्या झाडांवरचा हा पक्षी पाहायला लोक दुरून येतात आणि आमच्या बीएच्या मुलांना त्याचं नाव माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. म्हणून पहिल्या सत्रातली एक सहल तिकडेच असते. सकाळी लवकर निघतो. घुबड दर वेळी दिसतंच असं नाही.

प्राण्यांचे संघ, वनस्पतींची लॅटिन नावं, पेशीच्या आकृतीतली पंचवीस लेबलं मी अभ्यासक्रमातून काढून टाकली. ती वाईट आहेत म्हणून नाही. तीस तासांत ती पाठ करून घेण्यात निवडीची कल्पना राहून जाते म्हणून. कीटकनाशकाचं लेबल, रक्ताचा रिपोर्ट, सिकलसेलचं कार्ड, लाल रेघेचं पाकीट हे आमचे धडे आहेत. परीक्षेत पाठांतराचा प्रश्न नसतो. एक जाहिरात देते आणि लिहायला सांगते: ही विकणाऱ्याला तुम्ही काय विचाराल?

मागच्या वर्षी कृषी केंद्रावर लागते तशी एक जाहिरात मीच तयार करून दिली होती, 'एकाच फवारणीत बोंडअळी कायमची संपवा.' पहिल्या दिवशी "आमले हाई शिकीसन काय करनं शे?" विचारणाऱ्या त्या मुलानं उत्तरपत्रिकेत 'कायमची' या शब्दाभोवती गोल काढला होता. खाली त्याचे चार प्रश्न होते. औषध कोणत्या गटातलं आहे, मागच्या फवारणीचं आणि याचं काम एकच आहे का? अळी बोंडाच्या आत असताना ते तिच्यापर्यंत पोचतं कसं? शेजारच्यानं फरदड ठेवली तर पैसे परत मिळतील का? आणि शेवटचा, जरा मोठ्या अक्षरात: "ज्या अळ्या याने मरणार नाहीत, त्या पुढच्या वर्षी कोणाच्या शेतात येतील?"